निसणा सपाट करताना

त्रान्सितोमामा म्हणाला, फेकून दे.
निसणा कसला, साबणाची वडी झालीय त्याची.
पटाशी नुसती घसरते वरून,
पोलादाला दात लागत नाही.

खरं होतं.
बाबांनी हाताला येईल ते तेल घातलं त्याच्यावर:
होडीला लावायचं अळशीचं,
तळणीतलं उरलेलं,
एकदा तर समुद्रसिंहाची वितळवलेली चरबी,
दालकावेच्या बाजारात कुणी फुकट दिली म्हणून.
ती सगळी दगडाच्या रंध्रांत शिरून वाळली,
लोखंडाचा कीस धरून बसली,
आणि वर काळी चकचकीत साय आली.

माया वगैरे नंतर. आधी पैसे.
नवा दगड पुएर्तो मोंतहून मागवायचा
तर एका होडीची डागडुजी त्यात जाते.

रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला.
सकाळी रॉकेल कोऱ्या चहासारखं,
दगड होता तसाच.
मग जुन्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून
चुलीवर, बटाट्यांच्या शेजारी, उकळत ठेवला.
आई म्हणाली, आता हेही शिजवून खायचं का?
तासाभराने फेस आला, करडा.
घरभर वास सुटला
होडीचा, तळणीचा, त्या मेलेल्या जनावराचा,
आणि सगळ्यांच्या तळाशी कुठेतरी
बाबांच्या लोकरी स्वेटरचा.
आईने काही न बोलता खिडकी उघडली.
थोड्या वेळाने लावूनही घेतली.

ब्रशने घासला, वाळवला.
पांढुरका निघाला, किंचित निळसर.
त्याचा रंग मी जन्मात पाहिला नव्हता.

पण पट्टी आडवी धरली की खालून उजेड दिसे.
एकतीस वर्षं एकच माणूस
त्याच त्या जागी पातं मागे-पुढे करत राहिला;
टोकं कोरीच राहिली,
मधोमध बशीएवढा खड्डा.

मोडीत निघालेल्या फेरीबोटीच्या खिडकीची जाड काच.
तिच्यावर पॉलिश पेपर, पेपरवर पाणी.
सुतारी पेन्सिलीने दगडावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या
आणि घासायला बसले.

टोकांवरच्या रेघा लगेच गेल्या.
मग कडेच्या.
मधल्या राहिल्या.
पुन्हा रेघा, पुन्हा घासणं.
पाणी दुधाळ झालं, बोटं बधिर.
भरती आली, चिखलात कललेली होडी उभी राहिली,
ओहोटी आली, होडी परत कलली,
मधल्या चार रेघा जागच्या जागी.
शिव्या घातल्या त्या पॉलिश पेपरला:
ऐंशी नंबरचा, महाग,
आणि तासाभरात गुळगुळीत.

संध्याकाळी शेवटची रेघ गेली.
नेमकी कधी, ते पाहायचं राहून गेलं.
आई जेवायला हाका मारत होती.

दुसऱ्या दिवशी रंध्याचं पातं पाजळलं,
सायप्रसची एक फळी रंधून ठेवली.
मामाने सवयीने तिच्यावरून तळवा फिरवला.
थांबला.
परत फिरवला.
"ही कुणी केली, ओर्फेलिना?"

तेव्हा उमगलं.
आमच्या घरातल्या जमिनीत, आईच्या पलंगात,
चर्चमधल्या डावीकडच्या सगळ्या बाकांत,
बाबांच्या फळीफळीत एक बारीक लाट आहे.
डोळ्यांना दिसत नाही, तळपायांना ठाऊक असते.
खोलगट दगडाने पातं फुगीर केलं,
फुगीर पात्याने लाकडाला पन्हळी पाडल्या,
आणि त्या पन्हळींवरून
मी पहिलं पाऊल टाकलं असणार.

"मी केली," म्हटलं.
"सपाट आहे," मामा म्हणाला.
कौतुक होतं की तक्रार, विचारलं नाही.

काचेवर उरलेला करडा गाळ
वाळवून एका डबीत भरून ठेवलाय.
आई म्हणते,
चमचे घासायला बरा पडतो.